अमेरिकन स्वप्न आणि ख्रिस्ती मन

'अमेरिकन स्वप्न' हा शब्दप्रयोग आता आपल्याकडेही इतका रुळला आहे की, तो कोणी तरी केव्हा तरी प्रथम वापरला असेल हे आपल्या ध्यानातही येत नाही. ओळखीच्या घरातला मुलगा तिकडे शिकायला गेला, नोकरीला लागला, त्याने घर घेतले, दाराशी दोन मोटारी उभ्या राहिल्या, की त्याचे स्वप्न पुरे झाले असे आपण सहज बोलून जातो. हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला तो जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकाराने. त्याचा 'द एपिक ऑफ अमेरिका' हा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. ते साल महामंदीचे होते. बँका बुडत होत्या, कारखान्यांना टाळी लागत होती आणि कालपर्यंत पगारदार असलेली माणसे पावासाठी रांगेत उभी राहत होती. अशा वेळी स्वप्नाची गोष्ट काढणे हे धाडसाचेच होते. ग्रंथाला तेच नाव द्यावे असे लेखकाच्या मनात होते. परंतु प्रकाशकाला ते पटले नाही.

ॲडम्सने त्या शब्दाचा जो अर्थ सांगितला तो आपल्या नेहमीच्या समजुतीहून वेगळा आहे. मोटारी आणि मोठे पगार एवढेच हे स्वप्न नव्हे, असे त्याने स्पष्ट बजावले. माणूस कोणत्या घरात जन्मला याचा अडसर न होता, अंगच्या गुणांनुसार त्याला पुरते वाढता यावे आणि तो जसा आहे तसा इतरांनी त्याला ओळखावे, हा त्याचा अर्थ. उदाहरण म्हणून त्याने कारखाना निवडला नाही, की बंगला निवडला नाही. वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयातील वाचनदालन निवडले. तेथे म्हातारे आणि तरुण, श्रीमंत आणि गरीब, गोरे आणि काळे, साहेब आणि मजूर आपापल्या जागी शांतपणे वाचीत बसलेले असतात, असे चित्र त्याने रेखाटले आहे.

आता असा प्रश्न येतो की, ज्या देशाची घडण फार मोठ्या प्रमाणावर ख्रिस्ती लोकांच्या हातून झाली, त्या देशातील ख्रिस्ती धर्मविचाराने या स्वप्नाकडे कसे पाहिले? याची दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले असे की, उद्योग, काटकसर आणि त्यातून येणारी समृद्धी ही प्रॉटेस्टंट धर्माचीच देणगी होय. दुसरे असे की, ज्या धर्माने श्रीमंताचा स्वर्गातील प्रवेश उंटाने सुईच्या नाकातून जाण्याहूनही अवघड ठरवला, त्याचा या स्वप्नाशी संबंधच नाही. दोन्ही उत्तरांना पवित्र शास्त्रात आधार सापडतो आणि खरी अडचण तेथेच आहे. मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा पाळणाऱ्या प्रजेला भरल्या कोठारांचे वचन आहे. लूकच्या शुभवर्तमानात मात्र मोठी कोठारे बांधू निघालेल्या शेतकऱ्याला त्याच रात्री मरण येते आणि देव त्याला मूर्ख म्हणतो.

माझ्या मते या दोन वचनांचा झगडा तत्त्वज्ञानाच्या पातळीवर सुटत नाही. कोणते वचन कोणाला ऐकवले गेले, हे पाहिले म्हणजे तो उलगडू लागतो. 'थोडे मागा' हा उपदेश भरल्या पोटाच्या माणसास केला तर ते वैराग्य होते. उपाशी माणसास केला तर ती दटावणी होते. 'अधिक मागा' या उपदेशाचेही तसेच. अमेरिकन ख्रिस्ती विचाराच्या चारशे वर्षांच्या इतिहासात हे उपदेश वारंवार चुकीच्या दारी पोहोचले आणि जी थोर माणसे निपजली त्यांनी ते बरोबर दारी नेले. आपल्याकडेही संतोषाचा उपदेश गावकुसाबाहेरच्या माणसाला अधिक वेळा ऐकावा लागला आणि सावकाराला कमी, हे आठवले तर ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

आरंभ १६३० पासून करू. त्या वर्षी इंग्लंडातून प्युरिटन पंथाची मंडळी 'आर्बेला' आणि तिच्या सोबतीच्या जहाजांतून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याकडे निघाली. त्यांचा पुढारी जॉन विन्थ्रॉप. त्याने आपल्या लोकांसाठी ख्रिस्ती प्रीतीवर एक प्रवचन रचले. डोंगरावर वसलेले नगर लपत नाही, हा मत्तयच्या शुभवर्तमानातील दृष्टांत त्यात आला आहे आणि त्या एका उपमेवर पुढे अमेरिकन मुत्सद्द्यांनी पुष्कळ भांडवल केले. १९६१ साली केनेडींनी ती वापरली, १९८९ साली निरोपाच्या भाषणात रेगन यांनी ती वापरली. रेगन यांनी त्या नगराला 'चमकणारे' हे विशेषण आपल्या पदरचे जोडले. मूळ प्रवचनात त्या चमकेचा मागमूस नाही. विन्थ्रॉपचे म्हणणे असे की, साऱ्या जगाची नजर आपल्यावर आहे; आपण फसलो तर जगात आपले हसे होईल. उपमेत अभिमान नव्हे, धास्ती आहे.

त्या प्रवचनाचा मुख्य विषय तर आणखीच निराळा आहे. देवाने कोणास श्रीमंत आणि कोणास गरीब केले, ते एकाला दुसऱ्याची गरज भासावी म्हणून, असे विन्थ्रॉप म्हणतो. आपल्या आजच्या दृष्टीला ही विषमतेची भलावण वाटेल आणि ती तशी आहेही. परंतु त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष पाहावा. शेजाऱ्याची अडचण भागावी म्हणून आपल्या चैनीला कात्री लावणे, परत मिळण्याची आशा नसतानाही उसने देणे आणि प्रसंगी देणे सोडून देणे, ही त्याने नव्या वसाहतीची अट म्हणून सांगितली. सुख आणि नफा यांच्या नादी लागलो तर ही भूमी आपल्याला लाभणार नाही, असा त्याचा इशारा होता. हे प्रवचन छापून निघाले ते १८३८ साली, म्हणजे दोनशे आठ वर्षांनी. ज्याला राष्ट्राचा पायाभूत लेख म्हणतात तो दोन शतके कोणी फारसा वाचलेलाच नव्हता, ही गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

फिलाडेल्फिया येथील स्वातंत्र्यघंटेचीही कथा अशीच. पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने १७५१ साली ही घंटा लंडनहून मागवली. तिच्यावर कोरलेले वचन लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायातील आहे. देशभर सर्व रहिवाशांसाठी मुक्ततेची द्वाही फिरवावी, असा त्याचा आशय. प्रवासी ती घंटा पाहतात, तिला गेलेला तडा पाहतात आणि पुढे जातात. तो अध्याय उघडून पाहिला तर त्यात योबेल वर्षाचा नियम सापडतो. दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, कर्जापायी गुलाम झालेल्याने आपल्या घरी जावे, असा तो नियम आहे. म्हणजे त्या स्वातंत्र्याचा अर्थ केवळ राजाच्या जाचातून सुटका एवढा नव्हता. जमीन आणि कर्ज यांचा हिशेब पुन्हा मांडणे हाही त्याचा अर्थ होता. त्या घंटेला 'स्वातंत्र्यघंटा' हे नाव लोकप्रिय केले ते १८३० नंतर गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्यांनी. त्यांनी अध्याय वाचला होता असे म्हणावयास हरकत नाही.

मॅक्स वेबरचा प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाही यांच्या संबंधाचा सिद्धान्त (१९०४-०५) महाविद्यालयांत शिकवला जातो, म्हणून येथे त्याचा विस्तार करीत नाही. एवढेच सांगतो की, बॉस्टनचा पाद्री कॉटन मॅथर याने १७०१ साली दिलेली उपमा त्या सिद्धान्ताहून अधिक बोलकी आहे. ख्रिस्ती माणूस नावेत बसला आहे, त्याच्या हाती दोन वल्ही आहेत. एक देवाच्या सेवेचे, दुसरे आपल्या धंद्याचे. एकच वल्हे मारणारा किनाऱ्याला लागत नाही. पुढील शतकात धंद्याचे वल्हे जोरात चालले आणि दुसरे नावेत नुसते पडून राहिले, असे झाले.

परंतु हे झाले नावेत बसलेल्यांविषयी. ज्यांना साखळदंडांत बांधून जहाजाच्या तळघरातून आणले, त्यांना कोणते प्रवचन मिळाले? दास हो, धन्याच्या आज्ञेत राहा, हे. दक्षिणेतील मळेवाल्यांच्या पदरी असलेल्या पाद्र्यांनी पौलाच्या पत्रांतील ती वचने गुलामांना अक्षरशः पाठ करवली. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांसाठी पवित्र शास्त्रातील निवडक भागांचे एक पुस्तक छापले गेले. त्यातून जुन्या कराराचा बहुतेक भाग गाळला होता आणि इस्राएल लोक मिसरच्या दास्यातून बाहेर पडले ती कथाही गाळली होती. त्या पुस्तकाच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती आज उरल्या आहेत. एक टेनेसीतील फिस्क विद्यापीठात आहे. कात्री लावणाऱ्यांनी मात्र कथेचे सामर्थ्य बरोबर ओळखले होते. अमेरिकेतील गुलामांना ती कथा कानोकानी मिळाली, तिची गाणी झाली आणि मोशे त्यांच्या घरचा माणूस झाला. १८१६ साली फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन याच्या नेतृत्वाखाली काळ्या ख्रिस्ती लोकांनी आपली स्वतंत्र मंडळी स्थापली, ती गोऱ्यांच्या उपासनामंदिरातील अपमानाला कंटाळून.

फ्रेडरिक डग्लस याने १८४५ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. धार्मिक धनी हा सर्वांत क्रूर धनी असतो, असा आपला अनुभव त्याने त्यात सांगितला आहे. त्यामुळे आपण धर्माचेच शत्रू ठरू अशी शंका आल्यावरून त्याने शेवटी एक पुरवणी जोडली आणि ख्रिस्ताचा धर्म व या देशाचा धर्म यांत भेद केला. पुढील सर्व ख्रिस्ती टीकाकारांनी हा भेद वापरला आहे. इकडे महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ काढला, तो संयुक्त संस्थानांतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले त्यांना अर्पण केला. हे जोतीरावांचे औदार्य तर खरेच. शिवाय त्या देशातील कोणत्या लोकांना नमस्कार करावयाचा याची पारखही त्यात आहे.

यादवी युद्धानंतर अमेरिकेत जी भरभराट झाली तिने 'अधिक मागा' या उपदेशाला एक फर्डा वक्ता मिळवून दिला. रसेल कॉनवेल हा फिलाडेल्फियाचा बॅप्टिस्ट पाद्री. 'एकरगणती हिरे' अशा अर्थाचे त्याचे एक व्याख्यान होते आणि ते त्याने आयुष्यात सुमारे सहा हजार वेळा दिले. व्याख्यानमालांचे आयोजक ही संख्या वाचून चकित होतील! व्याख्यानातील गोष्ट अशी की, सिंधू नदीच्या जवळपास अली हाफेद नावाचा एक सधन शेतकरी राहत असे. हिऱ्यांच्या लोभाने त्याने शेत विकले, देशोदेशी भटकला आणि अखेर परमुलखात जीव दिला. इकडे त्याच शेतातील ओढ्यात हिरे सापडले आणि तीच गोवळकोंड्याची खाण. सिंधूकाठचे शेत गोवळकोंड्यास कसे पोहोचले, हे आपल्याकडच्या शाळकरी मुलानेही विचारले असते. कृष्णेच्या काठच्या त्या खाणींचे स्थान फिलाडेल्फियाच्या श्रोत्यांना मात्र ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तात्पर्य असे की, संधी आपल्याच अंगणात असते. ती साधून श्रीमंत होणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे. येथवर ठीक. परंतु कॉनवेल पुढे असेही सांगे की, ज्यांच्याविषयी सहानुभूती बाळगावी असे गरीब फार थोडे असतात. बहुतेकांचे दारिद्र्य त्यांच्या अथवा इतर कोणाच्या दोषाचे फळ असते.

कॉनवेलला ढोंगी म्हणता येणार नाही. व्याख्यानांची प्राप्ती तो गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी खर्च करी. कष्टकऱ्यांसाठी १८८४ साली त्याने सुरू केलेल्या रात्रीच्या शिकवणीतून टेंपल विद्यापीठ उभे राहिले. दोष त्याच्या हेतूत नव्हता. संधी नजरेआड करू नका, हे तरुणांना सांगावे. गरिबाचे दारिद्र्य हा त्याचा गुन्हा आहे, हे श्रीमंतांना सांगू नये. त्याने दोन्ही गोष्टी एकाच सभागृहात, एकाच श्वासात सांगितल्या.

पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेस पोहोचल्या त्या फिलाडेल्फियातच. आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ हे निमित्त होते. बाईंनी त्यापूर्वी तीन वर्षे ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पुढे १८८९ साली त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत निघाले. त्या देशातील स्त्रियांचे संघटित कार्य, शाळा आणि लोकोपयोगी संस्था पाहून त्यांचे मन भरून आले होते आणि ते त्यांनी मोकळेपणाने लिहिले. तथापि मूळच्या रहिवाशांवर झालेला अन्याय आणि काळ्या माणसांविषयीचा तिटकारा यांवर त्यांनी पांघरूण घातले नाही. ज्यांच्या मदतीवर शारदासदन उभे राहायचे होते, त्यांच्याच देशाविषयी त्या हे लिहीत होत्या. धर्माने जवळच्या असूनही परक्याची नजर त्यांनी गमावली नाही.

श्रीमंतांच्या दारी जाऊन उलटा उपदेश करण्याचे काम विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाले. त्याला 'सामाजिक शुभवर्तमान' असे नाव पडले. वॉशिंग्टन ग्लॅडन हा ओहायोतील काँग्रिगेशनल पाद्री त्या चळवळीचा एक धुरीण. १९०५ साली तेलसम्राट रॉकफेलरने परदेशी मिशनांच्या अमेरिकन बोर्डाला एक लाख डॉलरची देणगी दिली. हे बोर्ड आपल्या ओळखीचे आहे. त्याचे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले आणि अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन त्याचेच. ग्लॅडनने उघड हरकत घेतली. प्रतिस्पर्ध्यांना चिरडून, रेल्वे कंपन्यांशी गुप्त सौदे करून मिळवलेला हा पैसा विटाळलेला आहे, तो धर्मकार्याला चालणार नाही, असे त्याचे म्हणणे. वाद पेटला असता असे बाहेर आले की, देणगी आपण होऊन आलेली नव्हती. बोर्डानेच ती मागितली होती. बोर्डाने पैसे परत केले नाहीत. असल्या वादात व्यवहार जिंकतो हे नवल नव्हे; पण दात्याला हा पैसा आला कोठून असे विचारणारा पाद्री निघाला, हे त्या काळी नवल होते.

त्याच चळवळीतील वॉल्टर राउशेनबुश याचा अनुभव अधिक आतला. १८८६ साली तो न्यू यॉर्कच्या 'हेल्स किचन' या भागालगतच्या जर्मन बॅप्टिस्ट मंडळीत दाखल झाला आणि तेथे अकरा वर्षे राहिला. कोंदट चाळी, बेकारी आणि रोगराई यांनी भरलेला तो भाग. आत्म्यांचे तारण करावे या हेतूने आलेल्या त्या तरुणाला लहान मुलांच्या अंत्यविधीची प्रार्थना वारंवार म्हणावी लागली. ही मुले कोणाच्या पापामुळे मेली, हा प्रश्न त्याला सोडीना. मुलांच्या नव्हे, हे तर उघडच. आईबापांच्या म्हणावे, तर ते दिवसाचे बारा तास राबत होते. तेव्हा पाप हे एकेकट्या माणसाच्या अंतःकरणात असते तसे ते भाड्याच्या दरात, मजुरीच्या दरात आणि कायद्यातही असते, असा निष्कर्ष त्याने काढला. १९०७ साली 'ख्रिश्चॅनिटी अँड द सोशल क्रायसिस' या ग्रंथातून त्याने तो मांडला. कॅथॉलिक बाजूने पोप तेरावा लिओ याने १८९१ साली मजुरांच्या स्थितीवर परिपत्र काढले होते. त्याच्या आधाराने जॉन रायन या अमेरिकन धर्मगुरूने १९०६ साली 'अ लिव्हिंग वेज' या ग्रंथात कुटुंब पोसेल इतके वेतन हा मजुराचा हक्क आहे, दया नव्हे, असे प्रतिपादन केले.

राउशेनबुशवरही आक्षेप घेता येतो आणि राइनहोल्ड नीबर याने तो घेतला. मोटारींच्या डेट्रॉइट शहरात १९१५ पासून तेरा वर्षे नीबर पाद्री होता. सदिच्छेने देवाचे राज्य पृथ्वीवर आणता येईल हा भोळेपणा आहे, सत्ता आपण होऊन काही सोडीत नाही, हे त्याने तेथे पाहिले. १९५२ साली त्याने आणखी एक वर्मी घाव घातला. प्युरिटनांनी आरंभी समृद्धीला देवाची कृपा मानले. नंतर ती आपल्या सद्गुणांचे प्रमाणपत्र झाली. आणि आता राष्ट्र आपली श्रीमंती पुढे करून आपण निष्पाप आहोत असे जगाला सांगते, असे त्याचे निदान होते. ते त्या राष्ट्रापुरतेच खरे आहे असे मला वाटत नाही.

या इतिहासात दोन व्यक्ती मला सर्वांत मोलाच्या वाटतात, कारण दोघांनी एकच प्रश्न दोन टोकांनी सोडवला. पहिली डोरोथी डे. ही पत्रकार बाई, आधी डाव्या चळवळीत वावरलेली, १९२७ साली कॅथॉलिक झाली. १९३३च्या १ मे रोजी, मंदीच्या ऐन भरात, न्यू यॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये मजुरांच्या मेळाव्यात तिने 'कॅथॉलिक वर्कर' हे पत्र एका सेंटला विकावयास काढले. पत्रापाठोपाठ बेघरांसाठी अतिथिगृहे निघाली. डे तेथेच राहिली, तेथलेच जेवली, दान आलेले कपडे ल्याली. दारिद्र्याचे गोडवे गाणे आणि गरिबांना गरीब ठेवणे यांतील धोका तिने नेमका ओळखला होता. आपण होऊन पत्करलेली साधी राहणी आणि लादलेले दैन्य या दोहोंत तिने नेहमी फरक केला. पहिली स्वतःसाठी मागावी, दुसरे कोणाच्याही वाट्याला येऊ देऊ नये. १९६० साली भुयारी रेल्वेच्या कामासाठी नगरपालिकेने तिचे घर ताब्यात घेतले. मोबदला उशिरा आला म्हणून त्यावर साडेतीन हजार डॉलरांहून अधिक व्याज मिळाले. डेने मूळ रक्कम ठेवली आणि व्याज नगरपालिकेला परत पाठवले. पैशाने पैसा वाढवणे आम्हाला मान्य नाही, असे सोबतच्या पत्रात कळवले. पालिकेच्या खजिनदाराचा चेहरा त्या वेळी कसा झाला असेल, ते पाहण्यासारखे असणार. 'थोडे मागा' हा उपदेश येथे प्रथम स्वतःच्याच दारी गेला.

दुसरे मार्टिन ल्यूथर किंग. राउशेनबुशच्या ग्रंथाचे ऋण त्यांनी स्वतः नमूद केले आहे. 'स्वप्न' हा शब्द आणि २८ ऑगस्ट १९६३ चे त्यांचे भाषण यांची सांगड आता इतकी पक्की झाली आहे की, त्या भाषणाचा पूर्वार्ध लोक विसरतात. पूर्वार्धात स्वप्न नाहीच, हिशेब आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याने प्रत्येक नागरिकाच्या नावे हुंडी लिहून दिली. काळ्या माणसाने ती वटवावयास नेली तेव्हा खात्यात पैसे नाहीत म्हणून ती परत आली. न्यायाची पेढी बुडाली आहे यावर आमचा विश्वास नाही, म्हणून आम्ही पुन्हा आलो आहो, असा तो युक्तिवाद. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी जे पत्र लिहिले ते आठ गोऱ्या धर्मगुरूंना उत्तर म्हणून होते. या सज्जनांनी गुलामगिरीचा पुरस्कार केला नव्हता. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, जरा धीर धरा. उपाशी माणसाला संतोष शिकवण्याचा तो सभ्य प्रकार होता आणि किंगांनी त्याचा धागा न् धागा उकलला.

४ जुलै १९६५ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, अटलांटाच्या एबनेझर मंडळीत किंगांनी 'अमेरिकन स्वप्न' याच विषयावर प्रवचन केले. त्यात त्यांनी १९५९च्या हिंदुस्थानच्या प्रवासातील एक आठवण सांगितली. त्रिवेंद्रम येथे पूर्वास्पृश्य मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख, अमेरिकेतून आलेले एक अस्पृश्य बांधव, अशी करून दिली. किंगांना प्रथम धक्का बसला, रागही आला. मग आपल्या देशातील दोन कोटी बांधव कोणत्या वस्त्यांत राहतात, त्यांची मुले कोणत्या शाळांत जातात, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आले आणि होय, मी अस्पृश्यच आहे, असे त्यांनी मनाशी मान्य केले. अमेरिकन स्वप्नावरील प्रवचनात त्यांनी ही गोष्ट घेतली याला फार अर्थ आहे. स्वप्न किती खरे झाले हे शिखरावरून मोजावयाचे नसते, हे त्यांना आपल्या देशातील एका शाळेत दिसले.

किंगांचे अखेरचे काम मेम्फिस शहरातील सफाई कामगारांच्या संपाचे. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसात कचऱ्याच्या गाडीत आडोशाला बसलेले दोन कामगार गाडीच्या यंत्रात चिरडून मेले, त्यानंतर सुमारे तेराशे काळे कामगार संपावर गेले. त्यांच्या फलकांवर पगाराचा आकडा नव्हता. मी माणूस आहे, एवढेच लिहिले होते. ४ एप्रिलला तेथेच किंगांची हत्या झाली. या कामगारांना कोणी अपरिग्रह सांगितला असता तर काय म्हणावे लागले असते? 'अधिक मागा' हा उपदेश येथे योग्य दारी पोहोचला होता आणि तो देणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली.

२४ सप्टेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकन काँग्रेसपुढे भाषण केले तेव्हा त्या देशाच्या चार स्वप्नाळू माणसांची नावे घेतली. लिंकन आणि साधू थॉमस मर्टन यांच्याबरोबर किंग आणि डोरोथी डे ही दोन नावे त्यांत होती. सभागृह उठून टाळ्या वाजवीत होते. त्यातील किती सभासद डेचे पत्र वाचीत असतील, ते सांगता येत नाही.

असो. आजची स्थिती पाहता कॉनवेलचा वारसा अधिक बळकट झालेला दिसतो. नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्या १९५२ च्या 'द पॉवर ऑफ पॉझिटिव्ह थिंकिंग' या पुस्तकाने श्रद्धेला यशाचे साधन केले आणि दूरचित्रवाणीवरील प्रचारकांनी त्याच्याही पुढे जाऊन, देवाला दान द्या, तो अनेकपट परत करील, असा समृद्धीचा संदेश घरोघरी नेला. याच्या उलट डेव्हिड प्लॅट या अलाबामातील तरुण पाद्र्याने २०१० साली 'रॅडिकल' हे पुस्तक लिहून अमेरिकन स्वप्नापासून आपली श्रद्धा सोडवून घ्या, असे आवाहन केले. प्रशस्त उपनगरांतील, प्रशस्त उपासनामंदिरांत जाणाऱ्या लोकांसाठी ते होते आणि तेथे ते हवेही होते.

परंतु समृद्धीच्या प्रचारकांची थट्टा करताना एक गोष्ट नजरेआड होते. त्यांच्या सभांना गर्दी करणाऱ्यांत काळे आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतून आलेले कष्टकरी पुष्कळ असतात. रात्री कचेऱ्या झाडून सकाळी दुसऱ्या कामावर जाणाऱ्या बाईला, तुझे दारिद्र्य ही देवाची इच्छा नव्हे, असे तिचा पाद्री सांगतो. एवढे वाक्य राउशेनबुशलाही मान्य झाले असते. ज्याच्या घराचे कर्ज केव्हाच फिटले आहे अशा विद्वानाने त्या बाईला ऐहिकतेचे तोटे समजावणे शोभत नाही. फसवणूक असेल तर ती त्या वाक्याच्या पुढच्या भागात आहे. राउशेनबुश तिला भाड्याचा कायदा बदलायला सांगेल. हा प्रचारक तिला दानपेटी दाखवतो. अमेरिकेतील घरबांधणीच्या कर्जांचा डोलारा २००८ साली कोसळला, त्यानंतर काही पत्रकारांनी असा आरोप केला की, देव घर देईल या भरवशावर न झेपणारी कर्जे घेण्यास या मंडळ्यांतून उत्तेजन मिळाले. ती घरे गेली तेव्हा अनेक कुटुंबांनी आपलीच श्रद्धा कमी पडली असे मानले आणि पुढील रविवारी ती पुन्हा त्याच बाकावर येऊन बसली.